‘डिजिटल’ टीव्ही नेमके कोणते डिजिटल पकडतो?

दांडीच्या अँटेनावर चालणाऱ्या छोट्या टीव्हीच्या खोक्यावर ‘डिजिटल’, ‘एचडी रेडी’ किंवा ‘स्मार्ट’ असे काहीही छापलेले असले, तरी आपल्या भागातील मनोऱ्यावरून येणारे कार्यक्रम त्या संचावर दिसतील की नाही, हे त्यावरून कळत नाही. ‘एचडी रेडी’ हे बिरुद २००५ मध्ये युरोपातील उत्पादकांच्या संघटनेने आणले, तेव्हा पडद्याला किमान ७२० रेषा असाव्यात आणि जोडणीची ठरावीक सोय असावी, अशा अटी होत्या. आत डिजिटल ट्यूनर, म्हणजे हवेतले प्रक्षेपण पकडून उलगडणारा भाग, असलाच पाहिजे, अशी अट त्यात नव्हतीच. ‘स्मार्ट’ संचाला इंटरनेट कळते, हवेतले प्रक्षेपण कळेलच असे नाही. आणि ‘डिजिटल’ हा शब्द तर सर्वांत निरुपयोगी, कारण हवेतून होणाऱ्या डिजिटल प्रक्षेपणाच्या जगात चार मुख्य पद्धती आहेत आणि एका पद्धतीपुरता बनवलेला ट्यूनर दुसरीच्या संकेतांतून एकही चित्र काढू शकत नाही.

युरोप, आफ्रिका आणि आशियाचा मोठा भाग डीव्हीबी-टी किंवा तिची सुधारित आवृत्ती डीव्हीबी-टी२ वापरतो. भारतात दूरदर्शननेही डीव्हीबी-टी२ स्वीकारली. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको आणि दक्षिण कोरिया यांनी एटीएससी निवडली. जपानने आयएसडीबी-टी बनवली आणि तिचेच ब्राझीलने बदललेले रूप दक्षिण अमेरिकेत पसरले. चीनची डीटीएमबी चौथी. पद्धत जुळली तरी वाहिनीची रुंदी, म्हणजे तिला दिलेला वारंवारतांचा पट्टा, जुळावी लागते: ती कुठे ६, कुठे ७, तर कुठे ८ मेगाहर्ट्झ असते. कोलंबियात डीव्हीबी-टी२ आहे, पण ६ मेगाहर्ट्झच्या वाहिन्यांवर. त्यामुळे केवळ ७ आणि ८ मेगाहर्ट्झसाठी बनवलेला संच तिथे नावाने योग्य आणि प्रत्यक्षात अयोग्य ठरतो.

एवढ्या पद्धती झाल्या, त्यामागे राजकारण आणि पेटंटांचे हिशेब होतेच. पण एक खरा तांत्रिक मतभेदही होता. तो परावर्तित लहरींविषयीचा होता आणि छोट्या टीव्हीशी त्याचा थेट संबंध आहे.

मनोऱ्यावरून निघालेली लहर अँटेनापर्यंत एकाच वाटेने येत नाही. काही भाग थेट येतो, काही इमारतींवर आणि डोंगरांवर आपटून जरा उशिरा पोहोचतो. जुन्या अॅनालॉग टीव्हीवर निवेदकाशेजारी त्याचीच फिकट आकृती दिसायची, ती या उशिरा आलेल्या लहरीमुळे. डिजिटलमध्ये अशी जुळी आकृती दिसत नाही, पण अडचण संपत नाही. माहिती ‘चिन्हां’च्या, म्हणजे लहरीच्या ठरावीक काळ टिकणाऱ्या तुकड्यांच्या, रूपात जाते. एका चिन्हाची उशिरा आलेली प्रत पुढच्या चिन्हांवर चढते आणि दोन्ही वाचता येईनाशी होतात. एटीएससीच्या पहिल्या आवृत्तीत एकाच वाहक (माहिती वाहून नेणाऱ्या) लहरीवर दर सेकंदाला सुमारे १ कोटी ७ लाख चिन्हे पाठवली जातात. म्हणजे एका चिन्हाच्या वाट्याला जेमतेम ९३ नॅनोसेकंद येतात आणि तेवढ्या वेळात प्रकाश फक्त २८ मीटर जातो. ३०० मीटरचा वळसा घालून आलेली लहर त्यामुळे दहाअकरा चिन्हे मागे असते आणि हा गुंता सोडवण्याचे सगळे काम संचातल्या गणिती गाळणीवर पडते.

डीव्हीबी-टीने उलटा मार्ग धरला. घुमटाखाली भराभर बोलले, तर शब्द एकमेकांत मिसळतात. सावकाश बोलले, तर प्रत्येक शब्दाचा प्रतिध्वनी त्या शब्दातच विरतो. येथे तेच केले आहे, फक्त एक वक्ता सावकाश बोलला तर माहिती कमी जाईल, म्हणून हजारो वक्ते एकदम बोलतात. ८ मेगाहर्ट्झच्या वाहिनीत ‘८-के’ रचनेत (चित्राच्या ‘८-के’शी तिचा संबंध नाही) ६,८१७ वाहक लहरी शेजारीशेजारी बसवलेल्या असतात आणि प्रत्येकीवरचे चिन्ह तब्बल ८९६ मायक्रोसेकंद टिकते.

इतक्या लहरी दाटीने बसवूनही त्या एकमेकींत मिसळत नाहीत, कारण दोन शेजारी लहरींतले अंतर १,११६ हर्ट्झ आहे आणि हा आकडा म्हणजे बरोबर १ भागिले ८९६ मायक्रोसेकंद. त्यामुळे चिन्हाच्या काळात शेजारची लहर नेमके एक आवर्तन जास्त पूर्ण करते, त्यापलीकडची दोन. अशा दोन लहरींचा गुणाकार करून त्या काळापुरती बेरीज केली, की धन आणि ऋण भाग एकमेकांना कापतात आणि उत्तर शून्य येते. म्हणून संच हजारो लहरींच्या गदारोळातून हवी ती एक लहर बाजूला काढू शकतो. ही कल्पना १९६० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत मांडली गेली, पण त्यासाठी हजारो स्वतंत्र आंदोलक, म्हणजे लहरी निर्माण करणारी मंडले, लागली असती. १९६५ मध्ये कूली आणि ट्यूकी यांनी जलद फूरिए रूपांतराची, म्हणजे मिसळलेल्या लहरी झटपट वेगळ्या काढण्याच्या गणिताची, पद्धत प्रसिद्ध केली आणि कालांतराने ते सगळे आंदोलक एका चिपमधल्या आकडेमोडीत मावले.

यापुढची युक्ती मला सर्वांत आवडते. दोन चिन्हांमध्ये थोडा सुरक्षित अवधी सोडतात, पण तो रिकामा ठेवत नाहीत. चिन्हाच्या शेपटाकडचा तुकडा उचलून त्याच चिन्हाच्या आधी जोडतात. अवधी रिकामा ठेवला असता, तर उशिरा आलेल्या प्रतीची आवर्तने मोजणीच्या खिडकीत, म्हणजे संच जेवढा काळ मोजतो त्यात, अपुरी राहिली असती आणि शून्याचा तो हिशेब मोडला असता. शेपूट पुढे जोडल्यामुळे प्रत कितीही सरकली, तरी ती या अवधीत आहे तोवर खिडकीत पूर्ण आवर्तनेच सापडतात. हा अवधी चिन्हाच्या एक चतुर्थांश ठेवला, तर तो २२४ मायक्रोसेकंदांचा होतो, म्हणजे ६७ किलोमीटरचा वळसा घेऊन आलेली लहरही सामावते. याच बळावर अनेक मनोरे एकाच वारंवारतेवर तोच कार्यक्रम पाठवू शकतात. संचाच्या दृष्टीने दुसरा मनोरा हा केवळ आणखी एक प्रतिध्वनी असतो.

छताच्या उंच अँटेनाला थेट लहर मिळते. छोट्या टीव्हीची दांडी मात्र खोलीत, भिंतींच्या आड असते आणि तिच्या वाट्याला बहुतेक परावर्तित लहरीच येतात, म्हणून ही सारी यंत्रणा तिच्यासाठी अधिक मोलाची आहे. एटीएससीची नवी ३.० आवृत्तीही बहुवाहक पद्धतीवरच उभी आहे, यावरून त्या जुन्या मतभेदाचा निकाल काय लागला, हे समजावे.

मात्र चिन्ह लांबवण्याला मर्यादा आहे. डीव्हीबी-टी२ च्या ‘३२-के’ रचनेत चिन्ह चौपट लांब आणि लहरींतले अंतर चौपट कमी, सुमारे २७९ हर्ट्झ, होते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत ६०० मेगाहर्ट्झच्या लहरीची वारंवारता डॉपलर परिणामामुळे सुमारे ५५ हर्ट्झ सरकू शकते. हे सरकणे ‘८-के’मध्ये अंतराच्या विसाव्या हिश्शाएवढे असते, ‘३२-के’मध्ये पाचव्या हिश्शाएवढे. प्रवासात पाहण्यासाठी घेतलेला संच थांबलेल्या गाडीत उत्तम चालतो आणि गाडी सुटताच कोलमडतो, तेव्हा दोष नेहमी संचाचाच असतो असे नाही. जपानने यासाठी वाहिनीचे १३ भाग करून मधला एक भाग चालत्या संचांसाठी वेगळा ठेवला. पण त्या ‘वनसेग’ प्रक्षेपणाचे चित्र आडवे ३२० ठिपक्यांचेच असते आणि मोठ्या पडद्यावर पुसट दिसते.

पद्धत जुळल्यावरही चित्र कोणत्या पद्धतीने दाबून पाठवले आहे, हा प्रश्न उरतो. जर्मनीने २०१७ मध्ये डीव्हीबी-टी२ कडे जाताना एचईव्हीसी हे संपीडन निवडले. ज्या डीव्हीबी-टी२ संचांना फक्त एच.२६४ हे जुने संपीडन उलगडता येत होते, ते तिथे कुचकामी ठरले. म्हणून तपशीलपत्रकात प्रक्षेपण पद्धत, वाहिनीची रुंदी आणि संपीडन या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या पाहाव्यात. त्या लिहिलेल्याच नसतील, तर तो संच मी घेणार नाही.

राहता राहिला अँटेना. ‘डिजिटल अँटेना’, ‘फोर-के अँटेना’ अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर ताईत-गंड्यांइतकाच विश्वास ठेवावा. धातूच्या दांडीला लहरीतला मजकूर कळत नाही, तिला फक्त लांबी कळते. ६०० मेगाहर्ट्झची लहर ५० सेंटिमीटर लांब असते, तिच्यासाठी निम्म्या लांबीचा, म्हणजे २५ सेंटिमीटरचा, द्विध्रुव (दोन दांड्यांचा साधा अँटेना) पुरतो. २०० मेगाहर्ट्झसाठी ७५ सेंटिमीटर लागतात. प्रक्षेपण आडव्या ध्रुवणाचे, म्हणजे आडव्या कंपनाच्या लहरींचे, असेल, तर दांडी आडवी करून पाहावी. अँटेनातला वर्धक संकेताबरोबर गोंगाटही वाढवतो. म्हणून जागा ठरवताना संचाच्या मेन्यूतील तीव्रतेच्या पट्टीपेक्षा गुणवत्तेच्या पट्टीकडे पाहावे. तीव्रता भरपूर आणि गुणवत्ता नगण्य असेल, तर वर्धक बंद करून दांडी खिडकीकडे हलवणे अधिक उपयोगी पडते.