टक्कर कुठे उभं राहून पाहावी?

दोन गाड्या समोरासमोर आदळल्याची बातमी आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘दोन्ही गाड्यांचा वेग ताशी ५० किलोमीटर, म्हणजे भिंतीला १०० च्या वेगानं धडकल्यासारखंच!’ विज्ञान शिकलेली माणसंही हे ठामपणे सांगतात. पण ते चूक आहे. गाड्या सारख्या वजनाच्या आणि सारख्या बांधणीच्या असतील, तर प्रत्येकीची अवस्था पक्क्या भिंतीला ५० च्याच वेगानं धडकल्यासारखी होते.

दोन्ही गाड्यांच्या बरोबर मध्ये एक कागद टांगला आहे असं समजा. डावीकडून जेवढा रेटा, तेवढाच उजवीकडून. कागद जागचा हलत नाही. प्रत्येक गाडीपुरती तीच भिंत, आणि गाडी ५० वरून शून्यावर येते. ऊर्जेचा हिशेबही हेच सांगतो. गतिज ऊर्जा, म्हणजे गतीमुळे असलेली ऊर्जा, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून १०० च्या वेगातल्या गाडीकडे ५० च्या गाडीच्या चौपट ऊर्जा असते आणि भिंतीपाशी ती सगळी तिला एकटीला पचवावी लागते. समोरासमोरच्या टकरीत एकूण ऊर्जा दुप्पट असते, पण ती पचवायला गाड्याही दोन असतात.

अशी गणितं सोडवताना विद्यार्थी अडतात ते बहुधा एकाच ठिकाणी. त्यांना टकरीच्या क्षणी बल किती होतं ते हवं असतं. पत्रा चेपत असताना बल दर हजाराव्या सेकंदाला बदलतं, ते आपल्याला ठाऊक नसतं आणि त्याची गरजही नसते. एवढं पुरतं की दोन्ही वस्तूंवरचं बल प्रत्येक क्षणी सारखं आणि उलट दिशेचं असतं, आणि तेवढाच वेळ टिकतं. बल गुणिले वेळ म्हणजे आवेग, आणि आवेग म्हणजेच संवेगातला (वस्तुमान गुणिले वेग, दिशेसकट) बदल. एकीनं जेवढा संवेग गमावला तेवढाच दुसरीनं कमावला, त्यामुळे बेरीज तीच राहिली.

१००० किलोची गाडी ताशी ५० किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटरनं जात असेल, तर तिला थांबवायला १४,००० न्यूटन-सेकंद आवेग लागणारच. त्यात सूट नाही. हाती असतो तो फक्त वेळ. गाडीचा पुढचा भाग ७० सेंटिमीटर चेपला तर थांबायला साधारण ०.१ सेकंद मिळतो आणि सरासरी बल १,४०,००० न्यूटन येतं. तो भाग कडक असता आणि ७ सेंटिमीटरच चेपला असता, तर बल दहापट झालं असतं. गाडीचं नाक मुद्दाम चेपणारं बनवतात ते यासाठीच.

आता माझ्या सर्वांत आवडत्या भागाकडे येतो. १६४४ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं टकरींचे सात नियम मांडले. त्यातला एक असा: लहान वस्तू स्थिर मोठ्या वस्तूवर आदळली तर मोठी कधीच हलणार नाही. हे साफ चुकलं होतं, कारण त्यानं वेग मोजला पण दिशा हिशेबात धरली नाही. त्यानंतरच्या दशकात डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सनं या प्रश्नाला हात घातला, आणि त्याची युक्ती पाहून मी आजही थक्क होतो. संथ कालव्यातून सरळ जाणाऱ्या नावेत एक माणूस उभा आहे. त्याच्या दोन हातांत दोऱ्यांना टांगलेले दोन सारखे कडक गोळे आहेत. तो ते सारख्या वेगानं एकमेकांवर आदळवतो. दोन्ही सारखेच, म्हणून दोन्ही त्याच वेगानं मागे उसळतात. इथवर वादाला जागा नाही.

आता समजा, नावेचा वेग गोळ्यांच्या वेगाइतकाच आहे. काठावरच्या माणसाला काय दिसेल? एक गोळा स्थिर, दुसरा दुप्पट वेगानं येतोय. टक्कर होते आणि येणारा गोळा जागीच थांबतो, स्थिर असलेला दुप्पट वेगानं निघतो. कॅरममध्ये किंवा बिलियर्डमध्ये दिसणारी वेगांची ही अदलाबदल एकही समीकरण न मांडता सिद्ध झाली, फक्त उभं राहायची जागा बदलून!

हीच युक्ती कुठल्याही वस्तुमानांना लागू पडते. दोन्ही वस्तूंच्या वस्तुमानकेंद्रासोबत, म्हणजे दोघींच्या वस्तुमानाच्या समतोल बिंदूसोबत, चालणाऱ्या नावेत बसा. तिथून पाहिलं तर एकूण संवेग शून्य. समोरासमोरची टक्कर पूर्ण स्थितिस्थापक असेल, म्हणजे तिच्यात गतिज ऊर्जा अजिबात वाया जात नसेल, तर प्रत्येक वेग नुसता उलटा फिरतो. वस्तू चिकटल्या तर दोन्ही नावेत थांबतात. प्रत्यक्षातल्या टकरी या दोन टोकांच्या मधल्या. न्यूटननं ‘प्रिन्सिपिया’ या आपल्या ग्रंथात गोळ्यांच्या टकरींची मापं दिली आहेत: काचेचे गोळे जवळ येण्याच्या वेगाच्या १५/१६ पट वेगानं दूर जातात, लोकरीचे ५/९ पट. नावेतून पाहताना वेग उलटा करायचा आणि या अपूर्णांकानं गुणायचा. मग काठावर परतताना नावेचा वेग पुन्हा मिळवायचा, दिशेच्या चिन्हासकट.

९००० किलोचा ट्रक आणि १००० किलोची गाडी, दोघांचा वेग ५०, समोरासमोर धडकून अडकले. (९००० × ५० − १००० × ५०) भागिले १०,००० म्हणजे ट्रक ज्या दिशेनं जातोय त्याच दिशेनं नाव ४० च्या वेगानं चाललीय. तिच्यातून ट्रक १० च्या वेगानं येताना दिसतो, गाडी ९० च्या. दोन्ही थांबतात. बल दोघांवर सारखंच, पण ट्रकच्या वेगात १० चा फरक आणि गाडीच्या वेगात ९० चा. ‘ट्रकनं गाडीवर जास्त बल लावलं’ हे म्हणूनच बरोबर नाही.

छातीवर शिळा ठेवून ती घणानं फोडून घेणारे आणि त्याला सिद्धी म्हणणारे लोक याच गणितावर उभे असतात. ५ किलोचा घण सेकंदाला ६ मीटर वेगानं ५५ किलोच्या शिळेवर पडून न उसळता थांबला, तर दोन्ही मिळून वेग उरतो सेकंदाला अर्धा मीटर. ९० ज्यूलपैकी ७.५ ज्यूल गतीच्या रूपात राहतात, बाकीचे दगड फोडण्यात आणि उष्णतेत जातात. इथे सिद्धी कुठेच नाही, आणि शिळा लहान निवडली तर हेच गणित जिवावर बेतेल.

हायगेन्सची नाव अवकाशातही चालते. व्हॉयेजर २ हे यान १९७९ मध्ये गुरूजवळून गेलं तेव्हा त्यानं ग्रहाला स्पर्शही केला नाही, तरी गणित टकरीचंच होतं. गुरूवरून पाहिलं तर यान ज्या वेगानं दुरून आलं त्याच वेगानं दूर गेलं, फक्त दिशा वळली. पण गुरू स्वतः सूर्याभोवती सेकंदाला सुमारे १३ किलोमीटर वेगानं फिरतो. सूर्याच्या काठावरून पाहिलं तर यानाचा वेग खूप वाढला होता. त्या वेगावर ते १९८१ मध्ये शनीला पोहोचलं, तिथे हाच खेळ पुन्हा झाला, मग १९८६ मध्ये युरेनस आणि १९८९ मध्ये नेपच्यून. यानानं मिळवलेला संवेग गुरूनं गमावलाच, फक्त गुरूच्या प्रचंड वस्तुमानापुढे त्याच्या वेगातला फरक मोजता येण्याइतकाही नव्हता.