गाडी बसली म्हणजे शॉकअप गेले?

‘गाडी खाली बसली की शॉकअप गेले, तेच वजन पेलतात,’ हे वाक्य जळगाव-धुळ्याकडे वर्षानुवर्षं फिरतंय. त्यात एवढंच चुकतं की वजन स्प्रिंग पेलते. ट्रकला तेच काम पाटे करतात. शॉकअप फक्त स्प्रिंगची उडी शमवतो. गॅस भरलेला असला तर किंचित उचल देतो, इतकंच.

पाहायचं कसं? सपाट जागी, रिकाम्या गाडीत चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. डावं-उजवं ठळक कमीजास्त भरलं, तर आधी स्प्रिंग तपासा. शॉकअपची खूण वेगळी: नळीवर ओघळलेलं तेल, त्यावर थापलेली काळ्या मातीची धूळ, आणि खड्ड्यानंतर गाडीचं डुलणं.

ॲडजस्टेबल सस्पेन्शनमध्ये, म्हणजे कडकपणा-उंची बदलता येते त्यात, हा घोळ वाढतो. ‘टकटक’ फिरणारा नॉब शॉकअपचा कडकपणा बदलतो, उंची नाही. उंची शॉकअपच्या नळीवरच्या आट्यांवर फिरणाऱ्या रिंगने बदलते. शॉकअप घरी काढणार असाल तर रिंगखाली किती आटे दिसतात ते आधी मोजून लिहा. आटे ब्रश आणि साबणपाण्याने धुवा. जाड ग्रीस थापू नका, आपल्याकडची धूळ त्यात बसून दगड होते.

गाडी नुसत्या जॅकवर नको, स्टँड लावा. आणि स्प्रिंग कॉम्प्रेसरने, म्हणजे स्प्रिंग आवळून धरणाऱ्या साधनाने, स्प्रिंग दाबल्याशिवाय शॉकअपचा वरचा मधला नट सोडू नका. सुटलेली स्प्रिंग हात मोडते, जीवही घेऊ शकते. कॉम्प्रेसर नसेल तर एवढं काम गॅरेजवाल्याकडे द्या, बाकीचं घरी करा.