०२१७ वरून फ्रॉड कॉल आला तर तक्रार कुठं करायची, कोणी करायची, कागद काय लागतात

स्क्रीनवर ०२१७, म्हणजे आपल्या सोलापूरचा एसटीडी कोड, दिसला की आपलंच कोणीतरी असणार असं वाटतं, महापालिका असेल, बँक असेल, नाहीतर होटगी रोडवरचं एखादं शोरूम. फ्रॉडवाल्याला एवढंच पाहिजे असतं. फोन येताना समोरचा नंबर कॉलसोबत वेगळी माहिती म्हणून येतो, आणि इंटरनेटवरून लावलेल्या कॉलमध्ये ती माहिती पाहिजे तशी भरता येते, म्हणजे कॉल परदेशातून पण दिसणार सोलापूरचा. दुसरा प्रकार सिमबॉक्सचा, त्यात बाहेरून इंटरनेटवर आलेला कॉल इथंच कुठल्यातरी खोलीत ठेवलेल्या मशीनमधल्या ढीगभर सिमकार्डांपैकी एकातून पुढं ढकलतात, तिथं तर नंबर खराखुरा भारतातल्याच मोबाईलचा असतो. आणि ट्रूकॉलरवर ‘महावितरण’ असं नाव आलं म्हणून पण काही सिद्ध होत नाही, ती नावं लोकांनी टाकलेली असतात, सरकारनं तपासलेली नसतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये दूरसंचार विभागानं परदेशातून भारतीय नंबर दाखवत येणारे कॉल अडवायची सिस्टीम सुरू केली आणि पहिल्या २४ तासांतच १.३५ कोटी कॉल अडवले. चांगलंच झालं, पण सिमबॉक्सवाला कॉल देशातल्या सिमवरूनच येतो, तो त्या चाळणीत सापडत नाही. त्यामुळं नंबर बघून ठरवायचं सोडा, बोलणं ऐकून ठरवा.

बोलणं साधारण असं असतं. ‘काका, महावितरणमधून बोलतोय, तुमचं मागचं बिल सिस्टीमला अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला लाईट कट होणार.’ काका म्हणतात अहो बिल तर भरलंय. ‘हो काका, भरलंय, पण अपडेट नाही ना, मी व्हॉट्सॲपला फाईल पाठवतो, ती उघडून फक्त दहा रुपये भरा, आणि फोन कट करू नका, चालूच ठेवा.’ सगळी ग्यानबाची मेख त्या ‘कट करू नका’ मध्ये आहे, कारण तुम्ही फोन ठेवला की शेजारी विचारणार, पोरगा घरी येणार, डोकं थंड होणार. ती फाईल म्हणजे एपीके, फोनमध्ये बाहेरचं ॲप टाकणारी फाईल, इन्स्टॉल केली की तुमचे ओटीपीचे मेसेज तिकडं वाचले जातात. तेव्हा फोन ठेवायचा, आणि महावितरणचं काय असेल ते १९१२ वर स्वतः नंबर दाबून विचारायचं. बँकेचं म्हणाला तर कार्डच्या मागं छापलेला नंबर लावायचा. बँकांच्या सर्व्हिस कॉलसाठी सरकारनं १६०० ने सुरू होणारी सिरीज दिली आहे, जाहिरातींसाठी १४०, तरीपण १६०० दिसलं म्हणून ओटीपी द्यायचा नाही. ओटीपी कोणालाच द्यायचा नसतो.

आता तक्रारीचं. इथं लोकांचा घोळ होतो, पैसे गेलेले असतात आणि माणूस भलत्याच ठिकाणी फॉर्म भरत बसतो.

पैसे गेले नाहीत, नुसता कॉल किंवा मेसेज आला, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर किंवा ॲपवर ‘चक्षू’ नावाचा भाग आहे, मार्च २०२४ पासून सुरू आहे, तिथं टाका. कोणीही मोबाईलवाला टाकू शकतो, फी नाही. कॉलची तारीख, वेळ, समोरचा नंबर, तो कोण म्हणून बोलला आणि स्क्रीनशॉट एवढंच लागतं, शेवटी ओटीपी येतो. अट एकच, कॉल मागच्या ३० दिवसांतला पाहिजे. परदेशातून आलेला पण भारतीय नंबर दाखवणारा कॉल असेल तर त्याच्यासाठी तिथंच वेगळा ऑप्शन आहे. चक्षूवर टाकून तुमचे पैसे परत मिळत नाहीत, ते काम त्याचं नाहीच, तिथं त्या नंबरची तपासणी होऊन तो बंद होऊ शकतो.

पैसे गेले असतील तर आधी १९३० लावा, ही सायबर फ्रॉडची सरकारी हेल्पलाईन, बाकी सगळं नंतर. मराठीत बोललं तरी चालतं. लाईन बिझी लागली तर लावत राहा आणि घरातल्या दुसऱ्याला सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी तक्रार पोर्टलवर बसवा. ही घाई कशाला, तर तुमचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरत असतात, ते जिथं सापडतील तिथं बँकेला होल्ड लावता येतो, एकदा एटीएममधून काढले की संपलं. एपीके टाकलं असेल तर त्या फोनचं नेट लगेच बंद करा आणि १९३० दुसऱ्याच्या फोनवरून लावा.

तक्रार कोण करू शकतं, तर ज्याचे पैसे गेले तो, किंवा त्याच्यातर्फे घरचं माणूस, फॉर्ममध्ये पीडित व्यक्तीशी नातं काय तेवढं विचारतात. आजीच्या पेन्शनचं खातं असेल तर नातवानं भरलं तरी चालतं, फक्त खात्याची माहिती आजीची द्या, स्वतःची नको. रक्कम लहान आहे म्हणून सोडू नका, किमान रकमेची अट नाही.

जवळ काय ठेवायचं: आधार किंवा पॅनचा फोटो, पासबुक किंवा स्टेटमेंटची ती पानं, प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि ट्रान्झॅक्शन नंबर (युपीआयचा १२ आकडी असतो), समोरच्याचा युपीआय आयडी किंवा खातं दिसत असेल तर ते, कॉल लॉग आणि चॅटचे स्क्रीनशॉट. राग येऊन चॅट डिलीट करणारे लै असतात, तसं करू नका, तोच पुरावा आहे.

सायबरक्राईम पोर्टलवर हकीकत लिहायला जागा आहे तिथं किमान २०० अक्षरं लागतात, ‘माझे पैसे गेले कृपया मदत करा’ एवढ्यावर फॉर्म पुढं सरकत नाही. किती वाजता कॉल आला, कोण म्हणून बोलला, काय करायला लावलं, कुठल्या बँकेतून किती गेले, असं ओळीनं लिहा आणि चिन्हं टाळा, रुपये हा शब्दच लिहा. पोलीस निवडताना शहर का ग्रामीण नीट बघा, जुळे सोलापूर, विजापूर रोड, अशोक चौक हे पोलीस आयुक्तालयाकडं, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मोहोळ हे ग्रामीणच्या एसपींकडं, चुकीचं निवडलं की कागद इकडून तिकडं फिरत बसतात. १९३० वर तक्रार झाली की पोचनंबर मेसेजनं येतो, तो घेऊन २४ तासांत पोर्टलवर पूर्ण माहिती भरायची असते, आणि बरेच जण फोन केला म्हणजे झालं असं समजून हेच सोडून देतात.

बँकेला पण त्याच दिवशी कळवा, लेखी, आणि झेरॉक्सवर शिक्का घ्या. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये आणलेल्या नियमानुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्यानंच केलं, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर भार नाही, चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं, म्हणून कळवल्याची वेळ कागदावर पाहिजे. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाईन जाता येतं, फी नाही, चौकशीला १४४४८.

तुमचाच नंबर कोणी वापरत असेल, म्हणजे अनोळखी लोक फोन करून ‘तुम्ही मला फोन केलता ना’ म्हणत असतील, तर घाबरू नका, लगेच सिम हॅक झालं असं नाही. त्यांना नीट सांगा, त्यांच्याकडून स्क्रीनशॉट मागून घ्या, आपल्या सिम कंपनीला लेखी कळवा. संचार साथीवर तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते पण दिसतं, त्यात अनोळखी नंबर निघाला तर तिथंच ‘माझा नाही’ म्हणून टाका.

होल्ड झालेली रक्कम सोडवायला बऱ्याचदा कोर्टात अर्ज लागतो, सायबर पोलिसांना विचारून तो करा. मधल्या काळात ‘तुमचे पैसे सोडवून देतो, प्रोसेसिंग फी भरा’ असा कॉल येऊ शकतो, तो पण फ्रॉडच, १९३० वाले फी मागत नाहीत. हद्द आमची नाही म्हणून पोलीस ठाण्यातून परत पाठवलं तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी नोंदवून घ्यायचा गुन्हा, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या नव्या कायद्याच्या कलम १७३ मध्ये ते आहेच. तरी नोंदवत नसतील तर सगळी हकीकत लेखी करून शहरवाल्यांनी आयुक्तांना, ग्रामीणवाल्यांनी एसपींना पोस्टानं पाठवा, पावती जपून ठेवा, तिथंही काही झालं नाही तर पुढं मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करता येतो आणि तेव्हा हीच पावती जोडायची असते.