एकाच इमारतीच्या दोन भिंती

शिकागोच्या जुन्या मध्यवस्तीला ‘लूप’ म्हणतात. तिथल्या डिअरबॉर्न स्ट्रीटवर मोनॅडनॉक नावाची इमारत उभी आहे. तिचा उत्तरेकडचा भाग १८९१ मध्ये पुरा झाला, दक्षिणेकडचा १८९३ मध्ये. मधे जेमतेम दोन वर्षं गेली, पण दोन्ही भागांचं वजन जमिनीपर्यंत पोचतं ते अगदी वेगवेगळ्या वाटांनी.

उत्तर भाग १६ मजली, आणि त्याच्या बाहेरच्या भिंती विटांच्या, भारवाही. अशा भिंतीत विटांच्या प्रत्येक थराला डोक्यावरचं सगळं वजन पेलावं लागतं. त्यामुळे जसजसं खाली यावं तसतशी भिंत जाड होत जाते. तळाशी ती तब्बल ६ फूट जाड आहे. खिडक्या त्या भिंतीत खोल कोनाड्यासारख्या बसल्या आहेत. त्या मोठ्या करायची सोय नव्हती, कारण भिंतीला पाडलेलं प्रत्येक भोक वजनाची वाट अडवतं. सर्वांत जास्त भाडं देणाऱ्या तळमजल्याची जागा अशी भिंतच खाऊन टाकते.

या ओझ्याखाली जमीन कशी वागली, ही तर मला सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते. शिकागोखाली मऊ चिकणमातीचा जाड थर आहे आणि पक्का खडक बराच खोल. म्हणून जॉन रूट या वास्तुविशारदाने पोलादी तुळया आणि काँक्रीट यांचे रुंद पसरट पाये घातले, जेणेकरून वजन मोठ्या क्षेत्रावर वाटलं जावं. इमारत खचणार हे गृहीतच होतं. ८ इंचांची तजवीज केली होती. पण चिकणमातीच्या कणांमधल्या फटी इतक्या सूक्ष्म असतात की दाबाखाली त्यांतलं पाणी अतिशय सावकाश बाहेर पडतं आणि माती वर्षानुवर्षं दबत राहते. मोनॅडनॉक अखेर २० इंचांच्या आसपास खाली गेली.

वजन पेलायला लोखंड वापरायची कल्पना तेव्हा नवी नव्हती. बिडाचे खांब आणि दर्शनी भाग आधीपासून होते. बीड दाब उत्तम सोसतं, पण त्यात ग्राफाइटच्या पातळ चकत्या असल्यामुळे ताण बसला की तडकतं. आगीत तापलेल्या खांबावर बंबाचं गार पाणी पडलं, तर तो फुटायचा धोका असतो. १८७१ च्या आगीत शिकागोतल्या १७,००० हून जास्त इमारती गेल्या. त्यानंतर धातूच्या सांगाड्याभोवती भाजलेल्या मातीचं, म्हणजे टेराकोटाचं, कवच घालायची पद्धत तिथे रुजली. लिफ्ट तर न्यूयॉर्कमध्ये १८५७ पासूनच माणसं वर नेत होती. उंच जायला आता सांगाडाच काय तो हवा होता.

१८८५ च्या होम इन्शुरन्स बिल्डिंगमध्ये विल्यम ल बॅरन जेनी यांनी लोखंड आणि पोलादाचा सांगाडा वापरला. १९३१ मध्ये ती पाडली गेली. तिच्या भिंती किती भार पेलत होत्या यावर अभ्यासक आजही वाद घालतात. ती उभी असती तर हे मोजून पाहता आलं असतं. तिचं जाणं मला फार मोठं नुकसान वाटतं.

मोनॅडनॉकच्या दक्षिण भागाला मात्र पोलादी सांगाडा आहे. तिथे भिंत भार वाहत नाही, ती सांगाड्यावर टांगलेली असते. म्हणून पातळ भिंत आणि जास्त काच परवडते. जवळच्याच स्टेट स्ट्रीटवर १८९५ ची रिलायन्स बिल्डिंग आहे. तिथे तर भिंत अशी जवळपास उरलेलीच नाही. रुंद काचा आहेत आणि त्यांच्या मधे पांढऱ्या चकचकीत टेराकोटाच्या अरुंद पट्ट्या. विटांची भिंत थरावर थर चढवतच वर न्यावी लागते. रिलायन्सच्या वरच्या १० मजल्यांचा सांगाडा साधारण पंधरवड्यात उभा राहिला होता.