वाऱ्यानं हुकवलेला नेम

24 नोव्हेंबर 1944, दुपारची वेळ. फुजी पर्वत खूण म्हणून धरून अमेरिकेची बी-29 बॉम्बफेकी विमानं पूर्वेकडे वळली, आणि आतल्या लोकांना आपल्या उपकरणांवर विश्वास बसेना. जमिनीच्या हिशेबानं विमान ताशी 716 किलोमीटरनं चाललं होतं. इंजिनांचा जोर बघता ते पाचशेच्या आसपास असायला हवं होतं. वरचे सव्वादोनशे किलोमीटर फुकटचे. मागून कोणीतरी ढकलत होतं.

ही 73वी बॉम्बार्डमेंट विंग, म्हणजे बॉम्बफेकी विमानांची एक मोठी तुकडी. 497, 498, 499 आणि 500 अशा चार ग्रुप्सची, कॅन्ससमध्ये तयारी करून पॅसिफिकमधल्या सायपान बेटावर उतरलेली. बी-29चा युद्धातला पहिला मुक्काम मात्र आपल्याकडे होता. 58व्या विंगची विमानं खरगपूर आणि आजूबाजूच्या धावपट्ट्यांवर होती. तिथून हिमालय ओलांडून चीनमध्ये पेट्रोल आणि बॉम्ब आधी नेऊन साठवायचे आणि मगच जपानवर जायचं, असा तो आतबट्ट्याचा व्यवहार होता. सायपान हाती आल्यावर टोकियो एका उड्डाणाच्या टप्प्यात आलं. अंतर सुमारे 2,400 किलोमीटर, जाऊन-येऊन त्याच्या दुप्पट, आणि वाटेत फक्त पाणी.

सायपानच्या धावपट्टीचं नाव आयली फील्ड. रॉबर्ट आयली या नौदलाच्या वैमानिकाचं नाव तिला दिलं, पण स्पेलिंग चुकलं आणि ते चुकलेलंच कायम झालं. सरकारी कागदावर एकदा चूक उमटली की ती किती चिवट असते, हे आपल्याला सांगायला नको.

खरं तर हल्ला 17 नोव्हेंबरलाच व्हायचा होता. ऐनवेळी धावपट्टीवरचा वारा फिरला, इंधनानं आणि बॉम्बनी तुडुंब भरलेली विमानं उठण्याची शाश्वती राहिली नाही, आणि सगळं आठवडाभर पुढे गेलं. वाऱ्यानं दिलेला हा पहिला इशारा म्हणायचा.

24 तारखेला 111 विमानं उडाली. सर्वांत पुढचं विमान रॉबर्ट मॉर्गन चालवत होता आणि त्याच्याशेजारी विंगचा प्रमुख ब्रिगेडियर जनरल एमेट ओ'डॉनेल बसला होता. लक्ष्य होतं टोकियोच्या पश्चिम उपनगरातला, मुसाशिनोचा नाकाजिमा कंपनीचा विमान-इंजिनांचा कारखाना. 17 विमानं अर्ध्या वाटेवरून परतली. 6 पोचली, पण यंत्रं बिघडल्यामुळे त्यांना बॉम्ब टाकता आले नाहीत. 64 विमानांनी ते गोदी आणि शहराच्या वस्तीवर टाकले. कारखान्यावर टाकणारी उरली 24. कारखान्याच्या आवारात बॉम्ब पडले 48, त्यातले 3 फुटलेच नाहीत.

आता या अपयशाचं गणित. आगगाडी गोदावरीच्या पुलावर आली की खिडकीतून नाणं टाकणारे लोक तुम्ही पाहिले असतील. नाणं सरळ खाली पडत नाही, गाडीबरोबर पुढे जात जात पडतं. 9 किलोमीटर उंचीवरून सोडलेल्या बॉम्बला जमीन गाठायला 43 सेकंद तरी लागतात. तेवढ्या वेळात तो पुढे सरकतो आठेक किलोमीटर. म्हणजे बॉम्ब सोडायचा तेव्हा कारखाना खाली नसतोच, तो पार पुढे कुठेतरी असतो. ताशी 716 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 200 मीटर. बॉम्ब सोडायला एक सेकंद उशीर झाला की कारखाना हुकून शेजारच्या गल्ल्या सापडल्या.

हे गणित करायला नॉर्डन बॉम्बसाइट होतं. दुर्बीण, जायरोस्कोप (आपली दिशा न सोडणारी भिरभिरती चकती) आणि दातेरी चाकांचं एक यांत्रिक गणकयंत्र. विमानाचा हवेतला वेग आणि उंची त्यात भरायची, दुर्बिणीची रेघ लक्ष्यावर ठेवायची आणि ती तिथून ढळणार नाही अशा बेतानं चक्रं फिरवत राहायचं. रेघ स्थिर झाली की यंत्राला जमिनीवरचा वेग आणि वाऱ्यानं होणारी फरफट दोन्ही कळत. मग बॉम्ब कधी सोडायचा ते यंत्रच ठरवत असे. कल्पना फार सुंदर होती. पण यंत्राच्या चाकांना मर्यादा होती, आणि टोकियोवरचा वारा तिच्या बाहेरचा होता. त्यात ढग, म्हणजे दुर्बिणीला लक्ष्य दिसायचीच पंचाईत.

मग वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं का जाऊ नये? त्या दिवशीचा वारा 120 नॉट म्हणजे ताशी 222 किलोमीटर होता. विरुद्ध गेलं तर विमानाचा जमिनीवरचा वेग उरतो ताशी 272, आणि खालच्या तोफखान्याला नेम धरायला भरपूर वेळ मिळतो. आडवं जायचं तर विमानाचं नाक 27 अंश वाऱ्याकडे वळवून खेकड्यासारखं तिरपं चालावं लागतं. तिन्ही वाटा वाईट. त्यातल्या त्यात बरी म्हणून वाऱ्याबरोबर जायची वाट घेतली, आणि नेम गेला.

हा वारा, म्हणजे आज ज्याला जेट स्ट्रीम म्हणतात तो उंचावरचा झोत, येतो कुठून? तव्यावरची भाकरी आठवा. गरम झाली की फुगते. हवेचंही तसंच. गरम प्रदेशावरची हवा फुगून उंच होते, थंड प्रदेशावरची आखडून बसकी होते. जमिनीवर दोन्हीकडे दाब सारखा धरला, तरी 9 किलोमीटर उंचीवर गरम बाजूला डोक्यावर अजून बरीच हवा शिल्लक असते, थंड बाजूला कमी. म्हणून उंचावर दक्षिणेकडून उत्तरेकडे रेटा तयार होतो. पण पृथ्वी फिरते आहे, त्यामुळे उत्तर गोलार्धात वाहणारी हवा उजवीकडे वळते. उत्तरेला निघालेली हवा वळत वळत पूर्वेला जाते. तापमानातला फरक जितका मोठा, तितका हा प्रवाह जोरदार.

हिवाळ्यात जपानच्या एका हाताला सैबेरियाची गोठलेली हवा, दुसऱ्या हाताला उबदार पॅसिफिक. शिवाय तिबेटच्या पठारामुळे दुभंगलेले प्रवाह जपानजवळ पुन्हा एकत्र येतात. पृथ्वीवर हे झोत याहून जोरदार क्वचितच कुठे सापडतील. 73व्या विंगनं आपला पहिला हल्ला नेमका या नळीच्या तोंडाशी आणि ऐन हंगामाच्या सुरुवातीला केला.

मला या सगळ्यात खरी चुटपुट लावणारी गोष्ट वेगळीच आहे. हा वारा 20 वर्षांपूर्वीच मोजून झाला होता.

टोकियोच्या ईशान्येला तातेनो इथे वेधशाळा होती आणि वासाबुरो ओइशी तिचे प्रमुख होते. फुगा सोडायचा, थिओडोलाइट या कोन मोजायच्या यंत्राच्या दुर्बिणीला डोळा लावायचा आणि ठिपका दिसेनासा होईपर्यंत ठरावीक वेळानं दोन कोन टिपत राहायचं. एक क्षितिजापासूनचा, एक उत्तरेपासूनचा. फुगा किती वेगानं चढतो हे ठाऊक असलं की या दोन आकड्यांवरून तो कुठवर वाहत गेला हे निघतं, आणि तो वाहतो तसा वारा. 1920च्या दशकात ओइशींनी असे शेकडो वेध घेतले. हिवाळ्यात 9 किलोमीटर उंचीवर सेकंदाला 70 मीटरच्या आसपास वारा, असा निष्कर्ष त्यांनी 1926मध्ये छापला. जगभर वाचला जावा म्हणून तो एस्पेरांतोत लिहिला. साऱ्या जगाची भाषा व्हावी म्हणून मुद्दाम घडवलेली ही भाषा. जगानं वाचला नाही. जपानीत लिहिला असता तर निदान जपानमध्ये वाचला गेला असता, आणि इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये असता तर आणखी कितीतरी जणांनी. पण ओइशींना भोळे म्हणायला जीभ रेटत नाही.

अमेरिकी हवामान अधिकाऱ्यांमध्ये रीड ब्रायसन आणि विल्यम प्लमली यांनी टोकियोवर 168 नॉटचा वारा असेल असं गणित मांडलं होतं. वरिष्ठांनी ते पुन्हा तपासायला लावलं, एवढा वारा कुठे असतो का म्हणून. वैमानिक परतले ते अशाच अफाट वाऱ्याची बातमी घेऊन. हेच ब्रायसन पुढे आपल्या राजस्थानच्या हवेतल्या धुळीचा अभ्यास करायला आले होते.

इकडे जपानी सैन्यानं हाच वारा हेरून वापरायला घेतला होता. विंगच्या हल्ल्याच्या तीन आठवडे आधी, 3 नोव्हेंबर 1944 रोजी, त्यांनी हायड्रोजननं भरलेले कागदी फुगे पॅसिफिकपार अमेरिकेकडे सोडायला सुरुवात केली. सुमारे 10 मीटर व्यासाचा फुगा, खाली बॉम्ब आणि वाळूच्या पिशव्या. रात्री गार होऊन फुगा खाली आला की दाबमापक पिशवी सोडून देई आणि फुगा पुन्हा झोतात चढे. कागद तुतीच्या जातीच्या झाडाचा आणि डिंक कोन्याकूचा. कोन्याकू म्हणजे आपल्या सुरणाचा चुलतभाऊ. फुगे चिकटवायला शाळकरी मुली लावल्या होत्या, आणि त्या टंचाईच्या दिवसांत तो डिंक पोटात गेल्याच्याही हकिकती आहेत. नऊ हजारांवर फुगे सुटले. 5 मे 1945 रोजी ओरेगॉन राज्यातल्या जंगलात अशा एका बॉम्बनं 5 मुलं आणि एक गरोदर बाई मेली. फुगे येतात कुठून हे अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी पिशव्यांतल्या वाळूतले सूक्ष्म जीवांचे अवशेष आणि खनिजं तपासून शोधलं आणि जपानच्या किनाऱ्यांवर बोट ठेवलं.

विंगच्या डावपेचांवर या वाऱ्याचा परिणाम मात्र फार मोठा झाला. मुसाशिनोवर पुन:पुन्हा जाऊनही फारसं काही हाती लागलं नाही. 20 जानेवारी 1945 रोजी विंग जिच्या हाताखाली होती त्या बॉम्बर कमांडची सूत्रं कर्टिस लीमे यांच्याकडे आली. उंचावर वारा, ढग, इंजिनांवरचा ताण आणि इंधनाचा खर्च. त्यांनी यावर काढलेला तोडगा सोपा होता: उंची सोडायची. 9 मार्चच्या रात्री सुमारे तीनशे विमानं दीड ते तीन किलोमीटर उंचीवरून टोकियोवर आली. पोटात आगलावे बॉम्ब, आणि नेम धरायला कारखान्याऐवजी लाकडी घरांची दाट वस्ती. पहाटेपर्यंत सुमारे 41 चौरस किलोमीटर शहर जळालं. मृतांचा अंदाज एक लाखाच्या आसपास दिला जातो. याचा दोष वाऱ्यावर टाकून मोकळं होणारे लेखही मी वाचले आहेत. ते मला पटत नाहीत. वाऱ्यानं फक्त एक पद्धत निकामी केली. तिच्या जागी कोणती आणायची हे माणसांनी ठरवलं.

जेट स्ट्रीम हे नाव रुळलं ते युद्धानंतर, 1947च्या सुमारास, शिकागोत कार्ल-गुस्ताफ रॉसबी यांच्या गटाच्या कामातून. त्याआधी 1939मध्ये हाइनरिख झायलकोप्फ या जर्मन हवामानशास्त्रज्ञानं त्याच अर्थाचा जर्मन शब्द वापरला होता. 1950च्या दशकात आपल्या हवामान खात्याचे पी. कोटेश्वरम यांनी याचा उलटा भाऊ शोधला. पावसाळ्यात 14-15 किलोमीटर उंचीवर दक्षिण भारतावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा झोत. जुलैत मुंबईत खाली नैऋत्येचा वारा छत्र्या उलट्या करत असतो, तेव्हा डोक्यावर तो नेमका विरुद्ध दिशेनं धावत असतो. पहाटे सांताक्रूझहून फुगा सुटतो, तो आधी किनाऱ्यावरून आत जातो आणि पुरेसा उंच चढला की मागे वळून समुद्राकडे वाहू लागतो.