क्रायस्लर टर्बाइन कार

अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने 1963-64 मध्ये बांधलेली, वायू टर्बाइनवर, म्हणजे तापलेल्या वायूंच्या झोताने फिरणाऱ्या चक्रांच्या इंजिनावर चालणारी दोन दारांची व चार आसनांची मोटार. एकूण 55 गाड्या तयार झाल्या. त्यांतल्या पाच नमुन्यादाखल होत्या आणि बाकीच्या 50 सर्वसामान्य चालकांना वापरायला देण्यासाठी बांधल्या होत्या. आज नऊच उरल्या आहेत.

टर्बाइनवर मोटार चालवण्यात पहिला मान ब्रिटनच्या रोव्हर कंपनीचा. तिची ‘जेट 1’ मार्च 1950 मध्ये लोकांसमोर आली आणि 1952 मध्ये बेल्जियममधील याब्बेके येथे तिने ताशी 152 मैलांचा वेग गाठला. पुढे जनरल मोटर्सची ‘फायरबर्ड’ आणि फियाटची ‘टर्बिना’ आली, पण त्या प्रदर्शनांपलीकडे गेल्या नाहीत. क्रायस्लरने मात्र गाडी लोकांच्या दारात नेऊन उभी केली. टर्बाइन मोटारींच्या इतिहासात तिला वेगळे स्थान आहे ते यामुळेच.

या प्रकल्पाचे प्रमुख जॉर्ज ह्यूबनर होते. बाह्यरूप एल्वुड एंगल यांच्या देखरेखीखाली ठरले. सांगाडे इटलीतील तुरिन शहरात गिया या कारखान्यात हाताने घडवले जात आणि जहाजाने डेट्रॉइटला आल्यावर त्यांत इंजिन बसवले जाई. तांबूस रंग, मागच्या दिव्यांना दिलेला झोतनळीचा आकार, आतल्या मधल्या कप्प्याची लांब दंडगोलाकार घडण, या साऱ्यांमुळे गाडी आजही लांबूनच ओळखू येते.

इंजिनात हवा दाबली जाई, ज्वलनकक्षात इंधन अखंड जळत राही आणि तापलेले वायू एकामागून एक दोन टर्बाइन चक्रे फिरवत. पहिले चक्र हवा दाबणाऱ्या कंप्रेसरला चालवी, दुसरे गाडीच्या चाकांना. दोन्ही चक्रे एकमेकांना जोडलेली नसल्याने गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नसे. शक्ती 130 अश्वशक्ती होती आणि कंप्रेसरचा वेग मिनिटाला 44,500 फेऱ्यांपर्यंत जाई. हलणारे भाग साधारण 60, म्हणजे त्या काळच्या पिस्टन इंजिनाच्या पाचव्या हिश्शाइतके. रेडिएटर नाही, स्पार्क प्लग एकच. माझ्या मते खरी करामत होती ती दोन फिरत्या उष्णता-चकत्यांची. बाहेर जाणाऱ्या वायूंतली उष्णता काढून घेऊन त्या आत येणाऱ्या हवेला देत. त्यामुळे इंधन वाचे आणि मागून निघणारा झोत भर रस्त्यात धोकादायक ठरत नसे.

डिझेल, केरोसीन, वनस्पती तेल, काहीही चाले. मेक्सिकोत तर टकीला ओतून गाडी चालवून दाखवली होती. पंपावर सर्रास मिळणारे शिसेयुक्त पेट्रोल मात्र वर्ज्य होते, कारण शिशाची पुटे इंजिनात साचत.

ऑक्टोबर 1963 ते जानेवारी 1966 या काळात 203 जणांना ही गाडी प्रत्येकी तीन महिने मोफत मिळाली. इंधनाचा खर्च तेवढा त्यांनी करायचा. सगळे मिळून त्यांनी 11 लाख मैलांहून जास्त प्रवास केला. इंजिनाला थरथर नाही आणि कडाक्याच्या थंडीतही ते चटकन सुरू होते, याचे लोकांना कौतुक वाटे. पॅडल दाबल्यावर गाडी क्षणभर रेंगाळून पुढे जाते आणि इंधन जास्त लागते, या तक्रारीही होत्या. आवाजाबद्दल दोन तट पडले होते. काहींना तो विमानाचा वाटे, काहींना व्हॅक्यूम क्लीनरचा.

प्रयोग संपल्यावर कंपनीने 46 गाड्या नष्ट केल्या. इटलीहून आलेल्या सांगाड्यांवरील आयात शुल्क हे कारण सहसा सांगितले जाते. तंत्रज्ञानाची कागदपत्रे राहिली, पण त्या हस्तनिर्मित गाड्या गेल्या, आणि ही हानी भरून निघण्यासारखी नाही. टर्बाइनवरचे संशोधन पुढे चालू राहिले, मात्र महागडे मिश्रधातू आणि नायट्रोजन ऑक्साइडांचे उत्सर्जन हे अडथळे सुटले नाहीत. कंपनी आर्थिक संकटात सापडली तेव्हा 1970 च्या दशकाअखेरीस तेही थांबले.

उरलेल्या गाड्यांपैकी बहुतेक संग्रहालयांत आहेत. एक गाडी विनोदी कलाकार व मोटारसंग्राहक जे लेनो यांच्याकडे आहे आणि ते ती रस्त्यावर चालवतात. सेंट लुईस येथील वाहतूक संग्रहालयाची गाडीही चालू स्थितीत राखलेली आहे. ती सुरू होते तेव्हा आधी बारीक शीळ ऐकू येते, मग ती चढत चढत एका सुरावर स्थिरावते. ज्यांच्या घरासमोर ही गाडी कधीकाळी तीन महिने उभी होती, त्यांना ती ओळखायला हा सूर पुरतो.