‘हलके-फुलके विज्ञान’च्या आधी काय घडलं होतं

डॉ. जयश्री रामदास मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात विज्ञान शिक्षणाच्या प्राध्यापक होत्या, पुढे तिथल्या संचालकही झाल्या. प्राथमिक वर्गांसाठी त्यांनी केलेली ‘हलके-फुलके विज्ञान’ ही पुस्तकमाला उघडली की पहिल्यांदा जाणवतं ते हे, की पुस्तक मुलाला सारखं बाहेर पाठवतं. बघ, मोज, चित्र काढ, घरी विचार, दोन पानांत काय सारखं आणि काय वेगळं ते सांग. व्याख्या कमी आहेत आणि मुलांनी स्वतः प्रश्न विचारावेत यासाठी खास जागा राखलेली आहे. आज हे सहज वाटेल. पण इथवर यायला बरीच वर्षं आणि बऱ्याच माणसांचे कष्ट लागले आहेत.

शिक्षण मुलाच्या परिसरातून सुरू व्हावं, हा विचार आपल्याकडे काही बाहेरून आलेला नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिच्यातून नेमलेल्या झाकीर हुसेन समितीने शिक्षणाचे तीन आधार सांगितले: हस्तोद्योग, मुलाभोवतीचा निसर्ग आणि त्याच्याभोवतीचा समाज. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांमध्ये हा विचार आणखी पुढे नेला. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, अशी त्यांची कुरणशाळा होती. पर्यावरण शिक्षणावर आज जे बोललं जातं त्यातलं बरंचसं त्या कुरणात आधीच होऊन गेलं होतं, असं माझं मत आहे.

सरकारी पातळीवर हा विचार आला तो १९७५ च्या दहा वर्षांच्या शालेय अभ्यासक्रमाच्या आराखड्यातून. प्राथमिक वर्गांत विज्ञान आणि समाजशास्त्र हे वेगळे विषय न ठेवता ‘परिसर अभ्यास’ शिकवावा, असं त्यात होतं. नाव सुंदर होतं. प्रत्यक्षात मात्र बहुतेक ठिकाणी परिसराबद्दलची माहिती पुस्तकात आली आणि परिसर वर्गाबाहेरच राहिला. फुलाचे भाग शिकायचे ते छापलेल्या जास्वंदीवर बोट ठेवून, आणि शाळेच्या कुंपणावर जे काही फुललेलं असेल त्याच्याकडे कुणी बघायचं नाही.

त्याच दशकात दोन ठिकाणी वेगळं काही चाललं होतं. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ उच्च प्राथमिक शाळांत १९७२ मध्ये प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी ते काम उभं केलं. १९७८ मध्ये ते जिल्हाभर पसरलं आणि २००२ मध्ये सरकारने बंद केलं.

दुसरं ठिकाण मुंबई. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले वि. गो. कुलकर्णी आणि भा. मा. उदगावकर हे भौतिकशास्त्रज्ञ महापालिकेच्या शाळांसाठी आधीपासूनच काम करत होते. त्यातून १९७४ मध्ये होमी भाभा केंद्राची सुरुवात झाली, तीही नाना चौकातल्या महापालिका शाळेच्या इमारतीत. मानखुर्दची स्वतःची वास्तू १९९२ मध्ये आली. तोवरची वर्षं गजबजलेल्या शाळेत गेली, आणि मला वाटतं त्याचा फायदाच झाला. रोजची शाळा त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यात खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांत काम केलं, मग मुंबईतल्या महापालिका शाळांतल्या मुलांसोबत केलं. दोन्हीकडे एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. मुलाला विज्ञान अडत नव्हतं, पुस्तकाची मराठी अडत होती. ‘विरघळतं’ हे ज्या मुलाने घरी मीठ-साखरेत रोज पाहिलेलं आहे, ते ‘विद्राव्य’ या शब्दापाशी अडखळतं. म्हणजे मूल अनुभवातच आहे आणि पुस्तक त्याला अनुभवाबाहेर काढतं आहे. भाषेकडे मुद्दाम लक्ष दिल्यावर महापालिका शाळांतली तीच मुलं शालान्त परीक्षेत कितीतरी पुढे गेली. या निष्कर्षाचं महत्त्व अजून आपल्या पाठ्यपुस्तकांनी पुरतं ओळखलेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रामदास यांचं काम याच पायावर उभं राहिलं, पण त्यांचा प्रश्न थोडा पुढचा होता. मूल शाळेत येतं तेव्हा त्याच्या डोक्यात आधीच काय असतं? इंग्लंडमधल्या लीड्सला विज्ञान शिक्षणाच्या संशोधक रोझलिंड ड्रायव्हर यांच्यासोबत त्यांनी मुलांच्या प्रकाशाविषयीच्या कल्पनांचा अभ्यास केला. नव्वदच्या दशकात केंद्रातल्या सहकाऱ्यांसह त्यांनी प्राथमिक-माध्यमिक वयाच्या मुलांना सजीव-निर्जीव आणि वनस्पती यांविषयी काय वाटतं ते तपासलं. त्यात शहरातली मुलं होती, तशी आदिवासी भागातलीही होती. मुलांची चित्रं हा त्यांच्या संशोधनाचा पुढे मोठा विषय झाला. लिहिता न येणारं मूलही रोपाचं चित्र काढतं. मुळं काढतं की नाही, फांदी खोडाला कुठे चिकटवतं, यावरून ते काय बघतं आणि काय गृहीत धरतं हे कळतं.

‘हलके-फुलके विज्ञान’ या सगळ्यातून आलेलं आहे, म्हणून त्यात शब्दाआधी वस्तू येते आणि उत्तराआधी बोलणं येतं. सोबत शिक्षकांसाठी वेगळं पुस्तक आहे. ते मला मुलांच्या पुस्तकाइतकंच मोलाचं वाटतं, कारण मुलांना बाहेर नेणारा शिक्षक एकटा पडतो, त्याला कुणीतरी हात द्यावा लागतो.

याच काळात पर्यावरण दुसऱ्या वाटेने शाळेत आलं. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकील एम. सी. मेहता यांच्या खटल्यात पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवण्याचा निर्देश दिला. महाराष्ट्रात आज नववी-दहावीला जलसुरक्षा आहे, अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण आहे. हेतूबद्दल शंका नाही. पण सक्ती आली की प्रकल्पवह्या भरल्या जातात, आणि विज्ञान एकीकडे, पर्यावरण दुसरीकडे अशी फाळणी होते. पाण्याचा ताळेबंद वहीत आणि गावातला ओढा वहीबाहेर. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने प्राथमिक वर्गांत अन्न, पाणी, निवारा, प्रवास अशा सूत्रांभोवती विषय पुन्हा जोडायचा प्रयत्न केला.

पहिल्या पावसात टाकळा कुठे उगवतो, कुर्डू कधी खुडायची आणि भारंगीचं काय खायचं, हे जव्हार-मोखाड्याकडच्या आठ-नऊ वर्षांच्या पोरीला तिच्या आजीइतकंच ठाऊक असतं. तिच्या परीक्षेत वनस्पतींवर प्रश्न येतात तेव्हा यातलं तिला कुणी काही विचारत नाही.